आतले दार: मराठी घरातील आवाजाच्या अडवणुकीचा इतिहास

मराठी घराच्या इतिहासात दाराचा विचार होतो तो बहुधा बाहेरच्या दाराचा. गडांचे महादरवाजे, वाड्यांचे दिंडी दरवाजे आणि त्यांवरची गणेशपट्टी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु घराच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणारे जे आतले दार, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. आज शहरात नवे घर सजवणारे कुटुंब अभ्यासाच्या, झोपण्याच्या किंवा रियाजाच्या खोलीसाठी ‘ध्वनिरोधक’ दार शोधते, तेव्हा ते एखादी अगदी नवी, परदेशातून आलेली वस्तू घेत आहे असा त्याचा समज असतो. वस्तुतः अशा दाराची चार मुख्य अंगे, म्हणजे फळीचे वजन, तळाची फट बुजवणारा अडथळा, चौकटीवर पुरती टेकणारी कड आणि दोन दारांमधली मोकळी जागा, ही जुन्या मराठी घरात वेगवेगळ्या कारणांनी आधीच होती. विसाव्या शतकात ती एकेक करून गेली, आणि ती जाण्यामागची कारणे पुष्कळशी चांगलीच होती. ती कशी गेली हे समजले, तर आज दार निवडताना नेमके काय परत मिळवायचे आहे हेही कळते.

पुण्यात शनिवारवाड्याचे काम १७३० मध्ये सुरू झाले आणि १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. पुढच्या शतकभरात पेशवाईतील सरदार, सावकार आणि कारभारी यांनी पुण्यात, नाशकात, साताऱ्यात, वाईत जे वाडे बांधले, त्यांची रचना साधारण एका साच्याची होती. बाहेरच्या दारातून आत आले की देवडी, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बैठकीची झाकलेली जागा. तिच्यापुढे उघडा चौक. चौकाभोवती ओसरी आणि सोपा. त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली. आणि वर माडी. बाहेरच्या भिंती खाली दगडाच्या व वर विटामातीच्या, चांगल्या दोन-तीन फूट जाडीच्या असत. माडीचा तळही हलका नसे, कारण तुळयांवर फळ्या किंवा किलचा, म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, घालून त्यांवर मातीचा थर पसरलेला असे, आणि माती हा आवाजाला जड जाणारा पदार्थ आहे. घराच्या खासगी भागात शिरणारे दार मात्र आकाराने लहान असे. बहुतेकदा इतके ठेंगणे, की मोठ्या माणसाला वाकूनच आत जावे लागे.

या आतल्या दाराची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. आजचे दार बिजागरीवर फिरते आणि चौकटीच्या आत बसते. जुने दार दोन झडपांचे असे. प्रत्येक झडपेच्या कडेला वर व खाली लाकडाचाच एक खुंट राखलेला असे आणि तो चौकटीमागच्या खळग्यात फिरे. त्यामुळे झडपा मिटल्या की त्या चौकटीच्या पोकळीत न बसता चौकटीच्या मागच्या अंगाला टेकत, म्हणजेच झडप भोकापेक्षा मोठी असे आणि तिची कड दोन्ही बाजूंनी, वरच्या पट्टीवर आणि खाली उंबरठ्यावरही चढलेली असे. दोन झडपा जिथे मिळत, तिथली उभी फट झाकण्यासाठी एका झडपेवर कोरीव पट्टी ठोकलेली असे. आतून कडी-कोयंडा, आणि महत्त्वाच्या खोल्यांना अडसर, म्हणजे भिंतीतल्या खाचेतून सरकवायचा आडवा लाकडी दांडा. अडसर लागला की झडपा चौकटीवर घट्ट दाबल्या जात. झडपांच्या फळ्या सागाच्या, चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या असत. सागाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो धरले, तर अशा दाराच्या एका चौरस मीटरचे वजन २६ किलोच्या पुढे जाते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्याशी आजच्या दाराची तुलना करायची आहे.

तरीही वाड्यातले आतले दार आवाज अडवण्यासाठी घडवले गेले असे म्हणणे चुकीचे ठरेल. कोठीच्या दाराला जाडी होती ती धान्य आणि ऐवज राखण्यासाठी; देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला उंबरठा होता तो सोवळ्याची हद्द दाखवण्यासाठी. उंबरठ्याला याहून साधेही एक काम होते. शेणाने सारवलेल्या जमिनीचा थर प्रत्येक खोलीत वेगळ्या वेळी, वेगळ्या जाडीने चढे, आणि तो थर उंबरठ्यापाशी थांबे. पावसाचे पाणी, धूळ, विंचूकाटाही तिथेच अडे. आवाज थांबे तो या सगळ्याच्या ओघात. शिवाय वाड्याच्या मधोमध जो उघडा चौक होता, तो आवाजाचा मोठा वाटाड्या होता: चौकात बोललेले चारही सोप्यांत ऐकू जाई, आणि घर चालण्यासाठी ते ऐकू जाणे आवश्यकही होते. पहाटे जाते सुरू झाले की त्याची घरघर आणि त्यावरची ओवी घरभर पोहोचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहाकडे पाहिले की दळणाचा आवाज त्या घराला गोंगाट वाटत नव्हता, तर घरातल्या स्त्रीला मोकळेपणाने बोलण्याची ती एक वेळ होती, हे ध्यानात येते. ऐकू जाणे आणि ऐकले जाणे यांची वाटणी मात्र सारखी नव्हती. कानोसा घेणे, दाराआडून ऐकणे, भिंतीला कान असणे हे मराठीतले शब्दप्रयोग अशा घरांच्या अनुभवाशी जुळणारे आहेत, आणि मसलतीची खोली घराच्या अगदी आत किंवा माडीवर का असे, याचेही उत्तर त्यांत आहे.

देवडीचा उल्लेख वर आला, त्याकडे पुन्हा वळायला हवे. रस्त्यावरचे दार आणि चौकात उघडणारी वाट यांच्यामध्ये ही एक झाकलेली, जाड भिंतींची जागा होती. बाहेरचा कोलाहल आधी तिच्यात शिरे, तिथल्या भिंतींवर आपटून थकून जाई आणि मग उरलेला आत येई. पहाऱ्यासाठी केलेली ही योजना ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनेही उपयोगाची होती, हे पुढे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांचा विचार करताना स्पष्ट होईल.

एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढली तशी लाकडाची भूक वाढली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागाची जहाजे बांधली होती. १८१७ मध्ये तेथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये तरंगत आहे, आणि ते सागाच्या टिकाऊपणाचा पुरावा म्हणून पुरेसे आहे. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांनी ब्रह्मदेशातील सागाचा व्यापार वाढवला, आणि १८८५ मध्ये उत्तर ब्रह्मदेश इंग्रजांनी जिंकून घेतला, त्याला निमित्तही याच कंपनीच्या लाकूडतोडीवरून झालेल्या तंट्याचे होते. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत आजही ‘बर्मा टीक’ची दारे अभिमानाने दाखवली जातात. त्या अभिमानामागे एका देशाचे स्वातंत्र्य गेल्याचा इतिहास आहे, हे दार दाखवणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते.

जुन्या दाराला पहिला धक्का लाकडाच्या टंचाईने बसला नाही. तो रोगराईने बसला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि कोंदट, अंधाऱ्या खोल्या हे मृत्यूचे घर आहे अशी शासनाची व डॉक्टरांची खात्री झाली. १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजेच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाले. या मंडळाने प्रकाश आणि हवा यांचे मोजमाप घरबांधणीत आणले: समोरच्या इमारतीची उंची आणि मधले अंतर यांचा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नसावा, हा त्याचा नियम पुढे प्रसिद्ध झाला. हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या मोठ्या झाल्या, आणि त्या काळापासूनच्या अनेक घरांत आतल्या दारांवर झडपेचा किंवा जाळीचा झरोका, म्हणजे ‘व्हेंटिलेटर’ आला. जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो, हा निसर्गाचा नियम त्या वेळी कोणाच्या चिंतेचा विषय नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. माणसे मरत असताना शांततेचा हिशेब कोणी करत नाही. तथापि या काळात इमारतीच्या नियमांत प्रकाश आणि हवा यांना जो आकडा मिळाला, तो आवाजाला पुढची अनेक दशके मिळाला नाही, आणि त्याचे परिणाम आजच्या घरांतही दिसतात.

गिरणगावातल्या चाळींनी आतल्या दाराचा प्रश्नच मिटवला, कारण तिथे आतली खोलीच नव्हती. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड, म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग, येथे २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, आणि एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. लांब सज्जावर किंवा मधल्या वाटेवर उघडणारे एकच दार दिवसभर सताड उघडे असे. आत जो आडोसा लागे तो पडद्याचा, साडीचा किंवा कपाटाच्या पाठीचा. चाळीच्या एकोप्याचे गोडवे मराठी साहित्याने आणि रंगभूमीने भरपूर गायले आहेत, आणि ते खोटे नाहीत. पण रात्रपाळी करून दिवसा झोपू पाहणारा गिरणी कामगार, मॅट्रिकचा अभ्यास करणारा मुलगा, नुकते लग्न झालेले जोडपे आणि तापाने फणफणलेले माणूस यांना बंद करता येईल असे दार नव्हते, ही गोष्टही तितकीच खरी आहे. परीक्षेच्या दिवसांत मुले गच्चीवर, जिन्याखाली किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली बसत, कारण घरात जागेइतकीच शांतताही दुर्मीळ होती.

आतले दार मध्यमवर्गाच्या हाती परत आले ते दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत १९२० ते १९४० च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या स्वतंत्र सदनिकांमुळे. स्नानगृह आणि शौचकूप घराच्या आत असलेली ही ‘सेल्फ-कन्टेन्ड’ घरे काँक्रीटच्या सांगाड्यावर उभी होती. भिंतींना आता इमारतीचे वजन पेलायचे नव्हते, म्हणून आतल्या भिंती नऊ इंचांवरून साडेचार इंचांवर आल्या. शेणाची जमीन जाऊन तिथे मोझेकच्या लाद्या आल्या. त्या एका खोलीतून दुसरीत सलग पसरत, पुसायला सोप्या असत, आणि त्यांच्यामध्ये उंबरठ्याचे लाकूड आडवे येऊ लागले. सोवळ्याची बंधनेही सैल होत होती. वृद्धांना ठेच लागते, लहान मुले अडखळतात, झाडू अडतो, अशी सगळी कारणे एकत्र आली आणि मुख्य दाराचा उंबरठा सोडून बाकीचे उंबरठे घरातून गेले. नवी नवरी माप ओलांडते तो उंबरठा राहिला. ती पुढे ज्या खोलीत राहणार, त्या खोलीचा गेला. दार लादीवर घासू नये म्हणून सुतार तळाला बोटभर जागा सोडू लागला. आवाजाच्या दृष्टीने गेल्या तीनशे वर्षांत मराठी घरात झालेला सर्वांत मोठा बदल कोणता, असे विचारले तर त्याचे उत्तर ही बोटभर जागा असेच द्यावे लागेल.

त्याच्या काही वर्षे आधीच आवाजाच्या अडवणुकीचे शास्त्र परदेशात आकार घेऊ लागले होते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक वॉलेस सॅबाइन यांच्याकडे १८९५ मध्ये फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहातील घुमणारा आवाज दुरुस्त करण्याचे काम आले, आणि त्यातून वास्तूंच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. सॅबाइन यांनी एक भेद स्पष्ट केला, जो आजही ग्राहकांच्या ध्यानात नीट येत नाही. खोलीतला आवाज त्याच खोलीत घुमू न देणे म्हणजे शोषण, आणि एका खोलीतला आवाज दुसरीत जाऊ न देणे म्हणजे अडवणूक. पहिले काम मऊ, सच्छिद्र वस्तू करतात, दुसरे काम जड आणि हवाबंद वस्तू करतात. दारावर जाड पडदा टांगला किंवा स्पंज चिकटवला म्हणजे शेजारच्या खोलीतला आवाज थांबेल ही समजूत हा भेद न कळल्यामुळे होते. सॅबाइन यांच्यासाठी अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जिनिव्हा गावी १९१८ मध्ये रिव्हरबँक प्रयोगशाळा उभारण्यात आली. पुढच्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला, पण तिथे आजही दारांच्या चाचण्या होतात. चाचणीची पद्धत सोपी आहे: दोन खोल्यांमधल्या अतिशय जाड भिंतीत दार बसवायचे, एका खोलीत ठरावीक आवाज निर्माण करायचा आणि दुसरीत किती पोहोचला ते खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत मोजायचे. या मोजणीतून निघणाऱ्या एका आकड्याला अमेरिकी पद्धतीत एसटीसी आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीत आरडब्ल्यू म्हणतात. आकडा जितका मोठा तितकी अडवणूक जास्त.

म्युनिकमध्ये रिचर्ड बर्गर यांनी १९११ च्या सुमारास दाखवून दिलेला ‘वस्तुमानाचा नियम’ या शास्त्राचा कणा आहे. आडव्या येणाऱ्या पृष्ठाचे वजन दुप्पट केले, तर आवाज सिद्धांतानुसार आणखी सहा डेसिबलने, प्रत्यक्षात चार-पाच डेसिबलने घटतो. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप साध्या बेरजेचे नाही: दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. साधे बोलणे एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते. मधले दार २० डेसिबल अडवणारे असेल तर पलीकडे शब्द न् शब्द कळतो. ३० अडवणारे असेल तर कोणीतरी बोलते आहे एवढे कळते, पण शब्द लागत नाहीत. ४० च्या पुढे शांत रात्रीशिवाय काही ऐकू येत नाही.

महाराष्ट्रात हे शास्त्र प्रथम घरात आले नाही; ते आले रेडिओ आणि बोलपट यांच्या निमित्ताने. मुंबईचे नभोवाणी केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झाले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. तो काढणारे अर्देशीर इराणी यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गाच्या जवळ होता आणि आवाज अडवणारे बांधकाम नव्हते, म्हणून गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर चित्रण करावे लागे. पुढच्या वर्षी प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. बोलपटाच्या धंद्याने रात्रीची वाट पाहण्याऐवजी आवाज अडवणाऱ्या भिंती आणि दारे उभारली, आणि ध्वनिमुद्रणगृहांत एक रचना रूढ झाली: दोन जड दारे, मध्ये लहानशी झाकलेली जागा, आणि पहिले दार मिटल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही अशी शिस्त. पेशवाईतल्या देवडीचेच हे शास्त्रशुद्ध रूप आहे. देवडीवरून स्टुडिओवाल्यांनी ते घेतले असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. दोन्ही ठिकाणी बाहेर आणि आत यांच्यामध्ये एक तिसरी जागा राखली गेली, एवढेच साम्य आहे, पण ते साम्य मोलाचे आहे.

घरातल्या दाराची गोष्ट मात्र उलट दिशेने चालली होती. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथून येणाऱ्या सागाचा ओघ तुटला. स्वातंत्र्यानंतर घरांची गरज प्रचंड होती आणि साग महाग होता. आसामात चहाच्या पेट्यांसाठी वाढलेला प्लायवूडचा धंदा आता दारांकडे वळला, आणि ‘फ्लश डोअर’ म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट पातळ थर व आत लाकडी पट्ट्या असलेले दार सर्वत्र आले. भारतीय मानक संस्थेने १९६० च्या दशकातच याचे दोन प्रकार वेगळे केले होते, एक भरीव गाभ्याचा आणि दुसरा पोकळ किंवा जाळीदार गाभ्याचा. पुढे १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगले वाचवण्यासाठी आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली, ती २०२० मध्ये उठली; आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरातील बेकायदा वृक्षतोडीला लगाम बसला. हे निर्णय आवश्यक होते, आणि सागाच्या आठवणीने त्यांना दोष देणे योग्य होणार नाही. पण बाजाराने त्यातून जे केले ते असे, की मुख्य दार जड ठेवले आणि आतली दारे अधिकाधिक हलकी केली. कागदाच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवर पातळ साचेबंद थर चिकटवलेल्या दाराचे वजन चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास भरते. वाड्यातल्या दाराचे २६ किलो आठवले, तर सिद्धांतानुसार केवळ वजनामुळे आठएक डेसिबल गेले हे दिसते.

पावसाळ्याने यात आपली भर घातली. कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर जून-जुलैत लाकूड ओल शोषून फुगते, दार चौकटीत अडकते, आणि घरमालक सुताराला बोलावतो. सुतार रंधा मारून कड उतरवतो. कार्तिकात हवा कोरडी झाली की तेच दार आक्रसते आणि रंध्याने काढलेली जागा कायमची फट म्हणून उरते. वर्षांमागून वर्षे असे होत गेले की मूळचे चांगले दारही चहूबाजूंनी सैल होते.

फटीचा हिशेब अनेकांना अविश्वसनीय वाटतो, म्हणून तो सविस्तर मांडणे आवश्यक आहे. एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच दाराखाली एक सेंटिमीटरची फट असेल, तर तिचे क्षेत्रफळ दाराच्या दोनशेव्या भागाइतके, म्हणजे अर्धा टक्का असते. पण त्या अर्ध्या टक्क्यातून आवाज जवळजवळ अडथळ्याविना जातो, आणि गणित असे निघते की दार पोलादाचे केले तरी एकूण अडवणूक २३ डेसिबलच्या वर जात नाही. फट चार मिलिमीटरवर आणली तरी मर्यादा २७ वरच थांबते. भिंतीचेही असेच आहे. दहा चौरस मीटरच्या भिंतीत दोन चौरस मीटरचे दार आहे, भिंत ४५ डेसिबल अडवते आणि दार २०, तर दोन्ही मिळून अडवणूक फक्त २७ डेसिबल होते. भिंतीवर केलेला खर्च त्या दारातून निघून जातो.

शासनाने आवाजाला आकडा दिला तो उशिरा. १९६२ मध्ये भारतीय मानक संस्थेने बिगर-औद्योगिक इमारतींच्या ध्वनिरोधासाठी संहिता काढली, आणि राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनी हा स्वतंत्र विभाग आहे. तिच्या तक्त्यात घरांच्या आतील स्वीकारार्ह पातळी ३५ ते ४० डेसिबल दिलेली आढळते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. मात्र नियमांची नजर रस्त्यावर, मंडपावर, भोंग्यावर आहे. घराच्या आत एका माणसाचा आवाज दुसऱ्यावर किती पडावा, याची सोय कुटुंबाने स्वतःच करायची आहे, आणि तो आवाज सतत वाढत गेला. १९६० च्या दशकात मिक्सर आला, पाट्या-वरवंट्याची जागा ८० डेसिबलच्या घरघराटाने घेतली. कुकरच्या शिट्ट्या आल्या. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि दिवाणखान्यात बातम्या, आत अभ्यास, अशी ओढाताण घरोघर सुरू झाली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दोन खोल्यांच्या घरात एकाच वेळी शाळा, कचेरी आणि आजारपण भरले, तेव्हा आतल्या दाराची उणीव लाखो कुटुंबांना एकदम जाणवली. बाजारात ध्वनिरोधक दारांची चौकशी वाढलेली आज दिसते, तिचे एक मूळ त्या महिन्यांत आहे.

या इतिहासाचा दार निवडण्याशी थेट संबंध आहे. ‘ध्वनिरोधक’ हा शब्दच फसवा आहे, कारण आवाज पूर्ण थांबवणारे दार नसते. विक्रेत्याने किती डेसिबल हे सांगितले पाहिजे, आणि तो आकडा केवळ फळीचा आहे की चौकट, बिजागरी व पट्ट्यांसह बसवलेल्या पूर्ण दाराचा आहे, हे चाचणीच्या दाखल्यावर पाहिले पाहिजे. घरातल्या साध्या गरजेसाठी भरीव गाभ्याचे, चाळीस मिलिमीटरच्या आसपास जाडीचे दार पुरते. बोटाच्या पेराने ठोकले असता ते पोकळ न वाजता बद्द वाजते. चौकटीला खोल खाच हवी आणि खाचेत तीन बाजूंनी रबरी पट्टी हवी, म्हणजे जुनी झडप जशी चौकटीवर चढत असे तशी नवी कड पट्टीवर दाबली जाते. चौकट आणि भिंत यांच्यामधली पोकळी गिलाव्याआड लपवून चालत नाही, ती मसाल्याने भरावी लागते. जड दाराला तीन बिजागऱ्या कमी पडतात, चौथी लावावी. वरचा झरोका ठेवायचा असेल तर ध्वनिरोधक दारावर पैसा घालण्यात अर्थ नाही. आणि झरोका बंद करायचा असेल तर हवेसाठी दुसरी वाट आधी ठरवावी, कारण प्लेगच्या काळाने शिकवलेली हवेची गरज आजही तितकीच खरी आहे. रियाजाची, तबल्याची किंवा ध्वनिमुद्रणाची खोली करायची असेल, तर एका फार महागड्या दारापेक्षा मध्ये हातभर जागा सोडून बसवलेली दोन भरीव दारे अधिक उपयोगी पडतात. तबल्याचा डग्गा आणि घुमणारा खर्ज अडवणे सगळ्यांत कठीण. तिथे वजन आणि ती मधली जागा यांवाचून उपाय नाही.

उरतो तो तळ. ज्यांच्या घरात वृद्ध किंवा चाकाची खुर्ची वापरणारे कोणी नाही, त्यांनी सेंटिमीटरभर उंचीचा दगडी किंवा लाकडी उंबरठा बसवून त्याला रबर लावावे. हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. इतरांसाठी दाराच्या तळात बसवायची, दार मिटताना कडेचा खटका दाबला जाऊन खाली उतरणारी आणि उघडताना वर सरकणारी पट्टी मिळते. पावसाळ्यात कड उतरवायला आलेल्या सुताराला रंधा लावण्याआधी ही पट्टी दाखवावी.

पुण्यात, नाशकात आणि वाईत वाडे आजही पाडले जात आहेत, आणि त्यांची दारे जुन्या बाजारातून उपाहारगृहांच्या भिंतींवर किंवा टेबलांच्या पाठीवर जात आहेत. बाजारात जाते ती झडप. तिचा उंबरठा, मागचे खळगे आणि अडसराची खाच मागे ढिगाऱ्यात राहतात, आणि त्यांच्यावाचून ते दार काय काम करत होते हे कोणालाही कळणार नाही. वास्तुविद्यालयांनी आणि पुरातत्त्व विभागाने वाड्यांची मोजणी करताना आतल्या दारांची पूर्ण रचना चौकटीसह नोंदवावी, आणि जिथे दार अजून जागेवर आहे तिथे एकदा ते मिटून त्याची ध्वनिमोजणीही करावी. त्यासाठी लागणारी यंत्रे आज अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत मिळतात.